रोख मार्टात, उधारी पेठेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून आलं आहे. लिहिणारे ४३ वर्षांचे असून आजोबांपासून चालत आलेलं पेठेतलं, आता किराणा-भुसाराचं असलेलं दुकान चालवतात. वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ७८ वर्षांचे आहेत आणि अजूनही सकाळी येऊन गल्ल्यावर बसतात. गेल्या दसऱ्याला बायपासवर एक मोठं मार्ट उघडलं. तेव्हापासून दिवसाची विक्री १४,००० रुपयांवरून ९,००० वर आली. २,८०,००० रुपये उधारीत अडकले आहेत. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, गाळा मोबाइलवाल्याला १२,००० रुपये भाड्यानं देऊन मोकळा हो. एक मित्र म्हणतो, घर तारण ठेव, १५ लाख कर्ज काढ, एसी लावून आपलंच मिनी मार्ट कर. व्यापारी संघ मार्टवर मोर्चा नेण्याच्या तयारीत आहे. अण्णा म्हणतात, मी असेपर्यंत शटर खाली येणार नाही. त्यातच मागच्या महिन्यात पत्नीनं मार्टातून कपड्याची पावडर आणि तेल आणलं. दुकानाच्या खरेदीपेक्षाही ते स्वस्त होतं, आणि त्यावरून घरात मोठं भांडण झालं. पत्राच्या शेवटी ते लिहितात: “लॉकडाउनमध्ये ज्यांना अर्धं शटर उघडून माल दिला, तीच माणसं आता मार्टच्या पिशव्या घेऊन दुकानासमोरून जातात. घरचंच माणूस तिकडे गेलं तर गावाला काय तोंड दाखवू? परदेशी कंपन्या अख्खा देश गिळायला निघाल्या, तिथं माझ्यासारख्यानं काय करायचं?”

नमस्कार,

तुमच्या पत्रातला एक प्रसंग मी तीन वेळा वाचला. समोरच्या आळीतले मास्तर रविवारी सहकुटुंब मार्टातून चार पिशव्या भरून आले. त्याच रात्री नऊला त्यांचा मुलगा तुमच्या काउंटरवर आला आणि म्हणाला, “काका, पावशेर मोहरी आणि एक काडेपेटी द्या, पप्पांच्या नावावर मांडून ठेवा.” तुम्ही मोहरी बांधलीत, मांडून ठेवलीत आणि रात्रभर तुम्हाला झोप आली नाही.

तुम्ही हे अपमान म्हणून लिहिलंय, आणि तो अपमान आहेच. पण मला त्यात तुमच्या दुकानाचा सगळा हिशोब दिसला. मार्टनं तुमचं गिऱ्हाईक नेलेलं नाही. गिऱ्हाईक रात्री नऊला तुमच्याच दारात आहे. मार्टनं त्याची रोख नेली आणि उधारी तुमच्याकडे ठेवली. यापुढे मी जे लिहिणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, कारण पेठेतल्या बहुतेक दुकानांचं दुखणं हेच असतं आणि बहुतेकांना ते ‘विक्री घटली’ एवढंच दिसतं.

मी वीस वर्षं एका पतसंस्थेच्या कर्जविभागात काढली. त्याआधी लहानपणीच्या सुट्ट्या मामाच्या किराणा दुकानात गेल्या. लाल कापडी बांधणीची लांबट खतावणी, म्हणजे उधारीची वही असायची. मामी तिला ‘चोपडी’ म्हणायची आणि पाय लागला तर नमस्कार करायला लावायची. त्या वहीत दोन तऱ्हेची माणसं होती. पहिल्या तारखेला यादी देऊन, पगार झाला की पाच तारखेला सगळं चुकतं करणारी पगारदार माणसं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रोजंदारीवर जाणारी, दहा रुपयांचा चहा, पाच रुपयांचं तेल नेणारी, कधी देणारी, कधी पुढच्या आठवड्यावर ढकलणारी माणसं. मामा दोघांनाही एकाच भावानं माल द्यायचा. तेव्हा मला ते चांगुलपण वाटायचं. पुढे कर्जाच्या फायली बघायला लागले तेव्हा कळलं की तो चांगुलपणा होता आणि त्याला पैसाही कुठून तरी येत होता. पगारदारांच्या रोखीतून सुटणाऱ्या नफ्यावर मामा रोजंदारीवाल्यांच्या उधारीचा भार पेलत होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण पेठेतलं प्रत्येक किराणा दुकान गावातल्या गरिबांची बिनव्याजी पतपेढी चालवायचं आणि तिचा खर्च मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून नकळत भरायचे.

मार्ट नेमकी ही गाठ सोडवतं. मोटरसायकल किंवा गाडी आहे, घरी फ्रिज आहे, एकदम चार हजार मोजता येतात, त्यांना ते पाच-सात टक्के स्वस्त देतं. तो फायदा खरा आहे, लोक खुळे नाहीत. मेक्सिकोत १९९१ पासून वॉलमार्ट आणि तिच्या पाठोपाठ इतर परदेशी साखळ्या पसरल्या. तिथल्या परिणामांवर २०१८ साली अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात अभ्यास आला. सरासरी कुटुंबाचा फायदा त्याच्या उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्क्यांएवढा निघाला, आणि तो बहुतेक स्वस्ताईतून आलेला होता. पण पैसेवाल्यांना तो गरिबांपेक्षा जास्त मिळाला, आणि जुन्या दुकानांवर पोट असलेल्यांचं उत्पन्न घटलं. तुमच्या गावात चाललंय ते याहून वेगळं नाही. मास्तरांची बचत झाली. वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला मार्टात जाऊन काहीच मिळत नाही, कारण तिथं पाच रुपयांचं तेल कुणी देत नाही आणि मांडूनही ठेवत नाही. तिच्या उधारीला जो टेकू होता तो मात्र मास्तरांबरोबर निघून गेला, आणि आता तो भार तुम्ही एकटे, घरच्या पैशातून, उचलताय.

आता आकडे मांडू. तुमच्याच पत्रातले आहेत. दिवसाला ९,०००, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,३४,००० ची विक्री. सरासरी ११ टक्के सुटतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे २५,७४०. नोकराचा पगार ९,०००. वीज, टेम्पो, पिशव्या, किरकोळ धरून ३,५००. हातात राहतात १३,२४०. मोबाइलवाला नुसत्या गाळ्याचे १२,००० देतोय. म्हणजे तुम्ही सकाळी सात ते रात्री दहा, पत्नी दुपारी चार तास आणि अण्णा सकाळभर, अशा तीन माणसांच्या महिन्याभराच्या कष्टाचे उरतात १,२४० रुपये.

पण हिशोब इथंही पुरा होत नाही. २,८०,००० उधारीत अडकलेत. तेवढी रक्कम तुम्ही बाहेरून १२ टक्क्यांनी उचलली असती तर महिन्याचं व्याज २,८०० झालं असतं. तुमचेच पैसे आहेत म्हणून ते व्याज कुठं लिहिलं जात नाही, पण ते जातंय. ते धरलं तर दुकान तुम्हाला भाड्यापेक्षा दीड हजारानं कमी देतंय. मार्ट यायच्या आधी हेच गणित १४,००० वर केलं तर खर्च वजा जाता साडेसत्तावीस हजार राहत होते. तेव्हा उधारीचं व्याज त्यात झाकलं जायचं. आता झाकायला काही उरलं नाही.

हे वाचून तुमच्या पोटात खड्डा पडेल याची मला कल्पना आहे. तरी लिहिलं, कारण दुकान ठेवावं की बंद करावं यावर तुमच्या घरात दहा महिने वाद चाललाय आणि हे गणित अजून कुणी कागदावर मांडलेलं नाही. भाऊ भाड्याचं बोलतो, अण्णा इज्जतीचं बोलतात, तुम्ही उपकाराचं बोलता. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे. फक्त एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही.

पुढचं सगळं सांगण्याआधी तुमच्या पत्नीबद्दल बोलते, कारण त्या भांडणात तुमची चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या घर चालवतात. चार पैसे वाचले तर त्यांनी काय वाईट केलं? शिवाय त्यांनी घरी फक्त पावडर आणली नाही, मार्टचं बिल आणलं. मार्टचा विक्रीचा भाव तुमच्या वितरकाच्या भावापेक्षा कमी आहे, हा तुमच्या धंद्यातला या वर्षातला सगळ्यात मोलाचा कागद आहे, आणि तुम्ही तो रागानं चुरगाळून टाकलात. तो सरळ करा. त्यांची माफी मागा, आणि पुढच्या वेळी दोघं मिळून वही घेऊन मार्टात जा. साखर, तेल, तूरडाळ, पावडर, साबण, चहा असे तीस-चाळीस जिन्नस निवडा आणि प्रत्येकापुढे मार्टचा भाव, तुमची खरेदी आणि तुमची विक्री लिहा. तुमच्या लक्षात येईल की फरक सगळीकडे सारखा नाही. ज्या मालाचा भाव बाईला तोंडपाठ असतो, तिथं मार्ट भाव पाडतं: तेल, साखर, पावडर. जिरं, खोबरं, पोहे, शेंगदाणे, गूळ इथं फरक थोडा असतो, कधी तुम्हीच स्वस्त असता. दुपारी काउंटरवर बसून गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकणारी तुमच्या घरात एकच व्यक्ती आहे. भावफलकावर काय लिहायचं ते तिला ठरवू द्या.

मार्टला एवढं स्वस्त परवडतं कसं, हे तुम्ही विचारलंय. जादू नाही. ते वितरकाला वगळून थेट कंपनीकडून ट्रकनं माल घेतात आणि पैसे लवकर देतात, म्हणून कंपनी त्यांना जास्त सूट देते. डी-मार्टचं उदाहरण जगजाहीर आहे. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान उघडलं तेव्हापासून शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, सप्लायरला लवकर पैसे, फिरणारा माल आणि कमी नफा, हीच त्यांची चाल. आणि त्यांच्या विक्रीत २० टक्क्यांहून जास्त वाटा कपडे, भांडी, प्लॅस्टिक, घरातल्या वस्तू यांचा आहे. त्यांच्यावर किराण्यापेक्षा जास्त सुटतं. साखरेसाठी आलेला माणूस जाताना बादली आणि मुलाची चड्डी घेऊन जातो. तुमच्याकडे बादली नाही, म्हणून साखरेच्या भावात तुम्ही त्यांना कधीही गाठू शकणार नाही. तो नाद सोडा. ज्यांनी नाद केला त्यांचे साखरेचे कट्टे अंगावर पडलेले मी पाहिलेत.

‘परदेशी कंपन्यांनी देश गिळला’ या तुमच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हे सांगणं गरजेचं आहे, कारण चुकीच्या दारावर मोर्चा नेला तर वेळ वाया जातो. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रानं किरकोळ किराण्यात ५१ टक्के परदेशी गुंतवणूक मोकळी केली, पण राज्याची संमती, किमान दहा कोटी डॉलरची गुंतवणूक, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून अशा अटी घातल्या. त्या वाटेनं आलेलं ठळक नाव ब्रिटनच्या टेस्कोचं, तेही टाटांच्या कंपनीशी भागीदारी करून. फ्रान्सच्या कारफूरनं २०१० मध्ये दिल्लीत घाऊक दुकान काढलं आणि २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. वॉलमार्टनं २००९ मध्ये अमृतसरला घाऊक दुकान काढलं. पुढे २०१८ मध्ये फ्लिपकार्ट घेऊन ती ऑनलाइनच्या दारानं आली. तुमच्या बायपासवर जे उभं आहे ते बहुतेक करून आपल्याच देशातल्या भांडवलाचं आहे. परदेशी गुंतवणुकीचा कायदा त्याला लागूच होत नाही. त्यामुळे ‘विदेशी हटाव’ची घोषणा देऊन त्याचं काही बिघडणार नाही.

मोर्च्यानं मार्ट बंद पडतं का? २००७ मध्ये रांचीत भाजीवाल्यांनी साखळी दुकानांची तोडफोड केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारनं रिलायन्स फ्रेशची दुकानं बंद करायचा हुकूम काढला. त्यानंतरच्या वर्षांत देशभर मार्ट वाढतच गेली. तुमच्या गावातल्या तीस-चाळीस मुलामुलींना तिथं बिलिंगला, रॅक लावायला काम लागलंय, हे तुम्हीच लिहिलंय. मोर्च्यात तुमच्यासमोर त्यांचे आईबाप उभे राहतील.

पण संघानं एकत्र येऊ नये असं मी म्हणत नाही. एकत्र या, फक्त मागणी बदला. एकाच कंपनीची तीच पावडर मार्टला एका भावानं आणि तुम्हाला दुसऱ्या भावानं का, हा प्रश्न कंपनीला विचारा. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच प्रश्नावर काही कंपन्यांच्या मालाशी असहकार पुकारला होता, आणि कंपन्यांना त्यांच्याशी बोलायला बसावं लागलं होतं. वितरकाचा आणि तुमचा तोटा एकाच ठिकाणी होतो. त्याला बैठकीला बोलवा. तुमच्या पेठेत किराण्याची २२ दुकानं आहेत म्हणता. त्यातल्या १० जणांनी तेल, साखर, डाळ आणि पोहे एकत्र उचलले तर घाऊक बाजारात तुमचा शब्द वेगळा ऐकला जाईल. महाराष्ट्राला हे नवं नाही. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये अपना बाजार हे सहकारी भांडार उभं राहिलं, वारणेच्या खोऱ्यात वारणा बाजार उभा राहिला, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करून महिन्याचा माल एकत्र मागवतात. स्पर्धेचा फटका यातल्या काहींनाही बसला, हे खरं. पण एकत्र खरेदी केली की भाव उतरतो, हे त्यांनी फार आधी दाखवून दिलं. अडचण भावाची नसते, मनाची असते: शेजारच्या दुकानदाराला आपली खरेदी कळेल ही भीती. मार्ट आल्यावर ती भीती बाळगण्यात काय अर्थ उरला?

एक सावधगिरी मात्र ठेवा. घाऊक माल देणारी मोठी कंपनी किंवा तिचं ॲप दारात येईल, ‘भागीदार व्हा’ म्हणेल. भाव चांगला असेल तर माल जरूर घ्या. पण सगळी खरेदी एकाच्या हाती देऊ नका. जर्मनीच्या मेट्रोनं २००३ मध्ये बंगळुरूला किराणावाल्यांसाठी घाऊक दुकान काढलं होतं. २०२३ मध्ये तो धंदा रिलायन्सनं घेतला, ज्यांची स्वतःची किरकोळ दुकानं आहेत. तुम्हाला माल विकणारा उद्या तुमच्याच गिऱ्हाइकाला विकू लागला, तर तुमच्यापाशी दुसरा दरवाजा उघडा असायला हवा.

मित्राचं कर्जाचं बोलणं मात्र मी सरळ नाकारते. घर तारण ठेवून एसी लावू नका. १५ लाखांचा हप्ता महिन्याला वीस हजारांच्या पुढे जाईल, आणि आज दुकानातून तेरा सुटतात. बिग बझारचं काय झालं आठवा. २००१ मध्ये कोलकात्यात पहिलं दुकान निघालं, पुढे देशभर नाव झालं, २०२२ पर्यंत कर्जानं आणि थकलेल्या भाड्यानं सगळा डोलारा कोसळला. एवढ्या मोठ्यांना जे पेललं नाही, ते तुम्ही घराच्या जोत्यावर घेऊ नका. पतसंस्थेत असताना अशी चार-पाच ‘मिनी मार्ट’ माझ्या टेबलावरून गेली. ती बुडाली ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही. एसीचं बिल आणि हप्ता भरून माल भरायला पैसे उरले नाहीत, रॅक रिकामे दिसायला लागले आणि रिकाम्या रॅकच्या दुकानात माणूस शिरत नाही.

काउंटरच्या पुढे दोन उघडे रॅक लावून लोकांना माल हातात घेऊन बघू देणं, ही गोष्ट वेगळी. सुताराकडून पंधरा-वीस हजारांत होते. तेवढी करा.

आता उधारीकडे येते.

खतावणी घ्या आणि नावं तीन रकान्यांत वाटा. पहिल्यात महिन्याच्या आत देणारे. दुसऱ्यात उशिरा पण नक्की देणारे. तुमच्या भागात हे बहुतेक ऊसवाले असतील. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. पण ते हप्त्याहप्त्यानं येतं आणि मधले महिने ती घरं तुमच्या दुकानावर निघतात. त्यांची उधारी बंद करू नका, पण तारीख लिहून घ्या, सही घ्या आणि एका घराला एक मर्यादा ठेवा. तिसऱ्या रकान्यात न देणारे. या रकान्यातली रक्कम आजच मनातून सोडा. वसुलीला जा, पण ती येणार असं धरून माल भरू नका.

मग चौथा गट शोधा. त्याला रकाना नाही, कारण तो तिन्हींत लपलेला असतो: रोख मार्टात देणारे आणि उधार तुमच्याकडे करणारे. मास्तर यातले. यांची उधारी बंद करायची. भांडून नाही, टोमणा मारून तर नाहीच. पुढच्या वेळी मुलगा आला की मोहरी द्या आणि एवढंच म्हणा, “बाळा, पप्पांना सांग, दिवाळीपासून काका छोट्या खरेदीला फोनवरच पैसे घेतात, वहीत मांडत नाहीत.” पावशेर मोहरीचे पैसे फोनवरून द्यायला कुणाचं काही जात नाही. पाच जण रुसतील. त्यातले तीन परत येतील, कारण रात्री नऊला मोहरी लागतेच आणि बायपास तीन किलोमीटरवर आहे.

आणि त्या वीटभट्टीवाल्या बाईची उधारी चालू ठेवा. हे मी हिशोब सोडून सांगत नाही. ती दर शनिवारी पगार झाला की देते, असं तुम्हीच लिहिलंय. दर आठवड्याला फिरणारे तीनशे रुपये हे तुमच्या वहीतले सगळ्यात चांगले पैसे आहेत. आजवर तुम्ही तिला दयेनं उधार देत होता, आता हिशोबानं द्या. उलट मास्तरांचे चौदाशे पाच महिने पडून आहेत.

रोख आली, उधारी आखडली, की दुकानात काय ठेवायचं हे पुन्हा ठरवा. साबण-पावडरीची जागा निम्मी करा. त्यावर तुम्हाला सुटतं थोडं आणि मार्ट तिथं सगळ्यात जोरात आहे. कंपनीच्या एखाद्या मोठ्या पाकिटावर मार्टात तुमच्या खरेदीपेक्षा कमी भाव असेल तर तिथूनच बिलानं उचला. अनेक दुकानदार हे करतात, त्यात लाज कसली? त्या मोकळ्या जागेत असं ठेवा जे दूरच्या गोदामातून ट्रकनं येत नाही. तुमच्या भागातल्या गुऱ्हाळाचा गूळ, घाण्याचं शेंगदाणा तेल, बचत गटाच्या बायकांची चटणी, पापड, कांदा-लसूण मसाला, त्या त्या गावचा तांदूळ. मार्टची खरेदी मुख्य ऑफिसातून होते. एका गावच्या एका गटाची पन्नास किलो चटणी त्यांच्या यादीत सहसा बसत नाही. तुमच्याकडे ती बसते, आणि त्यावर ११ नाही, १८-२० टक्के सुटू शकतात. सुट्या मालाची चव, प्रत, जुना-नवा हे अण्णांना हात लावून कळतं. साबुदाणा भिजेल की चिकटेल हे सांगणारा माणूस मार्टात नाही.

हे सगळं करूनही पुरेल का? दिल्लीच्या इक्रिअर या आर्थिक संशोधन संस्थेनं २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वर्षाला १०० पैकी सुमारे ४ छोटी दुकानं बंद होत होती, आणि मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी त्यातली २ हूनही कमी होती. मार्टशेजारच्यांची विक्री आधी पडली, पुढे तो फटका ओसरत गेला. तेव्हा मार्ट कमी होती, ऑनलाइन जवळपास नव्हतं. म्हणून मी त्या आकड्यावर तुम्हाला हवाला देणार नाही. पण ‘मार्ट आलं म्हणजे दुकान मेलं’ हे तेव्हाही खरं नव्हतं. काही दुकानं टिकतात, काही नाही, आणि कोण टिकणार हे बऱ्याच अंशी वहीवर ठरतं.

म्हणून मुदत घाला. या दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एक वर्ष. दर महिन्याला पत्नी आणि तुम्ही मिळून एका कागदावर तीन आकडे लिहा: रोख विक्री, उधारीची एकूण रक्कम, खर्च वजा जाता उरलेले. वर्षअखेरीला उरलेल्या पैशातून गाळ्याचे १२,००० वजा करा आणि जे राहील त्याला तीन माणसांनी भागा. तो आकडा तुम्हाला मान्य असेल तर दुकान चालवा. नसेल तर गाळा भाड्यानं द्या आणि मसाला-चटणीचं घाऊक काम घरातून करा, किंवा दुसरं काही. त्यात हरणं नाही. अण्णांनीही त्यांच्या वडिलांचं सुपाऱ्यांचं दुकान बदलून भुसाराचं केलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय, आणि कुणी त्यांना नाव ठेवलं नाही. भावालाही हे वर्ष स्पष्ट सांगा, म्हणजे दर फोनला भाड्याचा विषय निघणार नाही.

लॉकडाउनमधल्या उपकाराचं तुम्ही दोनदा लिहिलंय. त्या २०२० च्या उन्हाळ्यात तुम्ही तोंडाला रुमाल बांधून जे केलं ते मोठंच होतं. गावानं ते विसरायला नको होतं. पण लोक मार्टात जातात ते तुमचं ऋण नाकारायला नाही, महिनाअखेरीला त्यांचंही ओढाताणीचं असतं म्हणून. मास्तर रस्त्यात भेटले तर पहिल्यासारखं हसून बोला. फक्त वहीत मांडू नका.

पेठ मंगळवारी बंद असते ना? या मंगळवारी दुपारी खतावणी घरी आणा आणि अण्णांशेजारी बसा. नावं तुम्ही वाचा. त्यातली निम्मी नावं त्यांच्या मांडीवर खेळलेल्या मुलांची असतील, कोण कुठल्या आळीचं, कुणाचा बाप कसा होता, हे त्यांना पाठ असेल. तिसऱ्या रकान्यात कुणाला टाकायचं, ते त्यांना सांगू द्या.